विश्वनाथ नारायण मंडलिक

रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (८ मार्च, १८३३ – ९ मे, १८८९) हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत मराठी कायदेपंडित, मुंबई उच्च न्यायालयाचे सरकारी वकील, धर्मशास्त्राचे अभ्यासक, वृत्तपत्रकार आणि कायदेमंडळाचे सभासद होते. नीलकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख' आणि 'याज्ञवल्क्यस्मृती' या ग्रंथांची मूळ संहिता इंग्रजी भाषांतरासह त्यांनी १८८० साली प्रसिद्ध केली. पश्चिम भारतातील न्यायालयांत हिंदू कायद्याच्या प्रश्नांवर हा ग्रंथ दीर्घकाळ आधार म्हणून वापरला गेला. 'नेटिव ओपिनियन' या साप्ताहिकाचे ते संस्थापक होत. १८८४ साली ते सरकारी वकील झाले आणि त्याच सुमारास गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. परकीय सरकारचा वकील आणि त्या सरकारचा टीकाकार अशा दोन भूमिका त्यांनी एकाच आयुष्यात निभावल्या.

बालपण आणि शिक्षण

मंडलिकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड या समुद्रकाठच्या गावी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. हे मुरूड जंजिऱ्याच्या मुरूडहून वेगळे असून हर्णै बंदराच्या शेजारी वसलेले आहे. पेशवाईचा अस्त होऊन त्या वेळी पंधरा वर्षे लोटली होती. जुन्या राजवटीत कारकून, दफ्तरदार, वैदिक वा सावकार म्हणून नांदलेली कोकणातील अनेक घराणी नव्या राजवटीत आपले स्थान शोधू लागली होती, आणि इंग्रजी शिक्षण हा त्यासाठीचा सर्वांत खात्रीचा मार्ग मानला जाऊ लागला होता.

मंडलिकांचे इंग्रजी शिक्षण रत्नागिरीच्या सरकारी शाळेत व पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी जेथे अध्यापन केले आणि दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी जेथून बाहेर पडले, तीच ही संस्था. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी पहिले पदवीधर १८६२ साली पुढे आले. मंडलिक त्या आधीच्या पिढीतले असल्यामुळे त्यांच्या नावापुढे विद्यापीठाची पदवी कधीच लागली नाही. पुढे त्याच विद्यापीठाचे फेलो म्हणून त्यांनी काम केले. इंग्रजीवरील प्रभुत्वाला त्यांनी संस्कृतच्या सखोल अध्ययनाची जोड दिली. ही जोड त्यांच्या सर्व पुढील कार्याचा पाया ठरली.

शासकीय नोकरी आणि तिचा त्याग

शिक्षण पुरे झाल्यावर मंडलिकांनी सरकारी नोकरी पत्करली आणि सुमारे दहा वर्षे निरनिराळ्या ठिकाणी काम केले. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या एतद्देशीय तरुणाला त्या काळी नोकरीत प्रवेश सुलभ होता, मात्र बढतीची मर्यादाही ठरलेली होती. जबाबदारीच्या वरच्या जागा युरोपीय अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत आणि कितीही कर्तबगार देशी कामगार असला तरी त्याला दुय्यम जागेवरच थांबावे लागे. याच काळात त्यांनी मराठीत लेखनही केले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हिंदुस्थानच्या इतिहासाचे मराठी भाषांतर हे त्यांच्या आरंभीच्या लेखनातील उल्लेखनीय काम होय.

१८६२ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. निश्चित पगार आणि निवृत्तिवेतन सोडून स्वतंत्र व्यवसायात उतरणे हा त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने साहसाचा निर्णय होता. परंतु निर्णयाची वेळ अनुकूल होती. त्याच वर्षी १४ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले आणि वकिलीच्या व्यवसायाला नवे क्षेत्र मिळाले.

उच्च न्यायालयातील वकिली

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. मुंबई शहरापुरते राजाचे सर्वोच्च न्यायालय होते. इलाख्यातील जिल्ह्यांच्या अपिलांसाठी सदर दिवाणी अदालत व सदर फौजदारी अदालत अशा कंपनीच्या अदालती होत्या. या सर्वांचे एकत्रीकरण करून उच्च न्यायालय निर्माण झाले, तरी जुना भेद नव्या न्यायालयाच्या दोन शाखांच्या रूपाने शिल्लक राहिला. मूळ शाखेत मुंबई शहरातील मोठे दावे चालत व तेथे बॅरिस्टरांचे वर्चस्व असे. अपील शाखेत जिल्हा न्यायालयांच्या निकालांवरील अपिले येत व तेथे वकिलांना काम चालविण्याचा अधिकार होता.

बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जावे लागे. वकिलीची सनद मात्र येथेच परीक्षा देऊन मिळे. त्यामुळे अपील शाखा ही देशी कायदेपंडितांची खरी कर्मभूमी ठरली. कोकणातील खोतीचे तंटे, देशावरील वतने व इनामे, गुजरातेतील नरवा-भागदारीचे हक्क, दत्तकाची वैधता, विधवेचा पोटगीचा हक्क, एकत्र कुटुंबाची वाटणी असे प्रश्न येथे रोज येत. या प्रश्नांची उत्तरे इंग्लंडच्या कायद्यात सापडत नसत. त्यासाठी मोडी कागद वाचता येणे, गावगाड्याची रचना ठाऊक असणे आणि संस्कृत धर्मग्रंथांशी थेट परिचय असणे आवश्यक होते. मंडलिकांजवळ ही साधने होती. सनद मिळाल्यावर थोड्याच वर्षांत ते अपील शाखेतील अग्रगण्य वकिलांपैकी एक म्हणून ओळखले जाऊ लागले.

त्यांच्या वकिलीचा आरंभ मुंबईच्या इतिहासातील एका विलक्षण काळात झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, मुंबईच्या कापसाचे भाव वाढले आणि शहरात पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला आणि अनेक धनाढ्य घराणी बुडाली. श्रीमंतीचा फुगा फुटताना ज्यांनी पाहिला, त्या पिढीत मंडलिकांचा समावेश होतो.

नेटिव ओपिनियन

१८६४ साली मंडलिकांनी 'नेटिव ओपिनियन' हे साप्ताहिक सुरू केले. पत्राचे नावच त्याचा हेतू सांगणारे होते. सरकारच्या धोरणाविषयी एतद्देशीय लोकांचे मत काय आहे हे राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत कळावे, हा त्यामागील उद्देश होता. पुढे पत्रात इंग्रजीबरोबर मराठी मजकूरही येऊ लागला. पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' आणि मुंबईचे 'इंदुप्रकाश' यांच्याबरोबर 'नेटिव ओपिनियन' हे त्या काळच्या सुशिक्षित मराठी समाजाचे एक प्रमुख व्यासपीठ झाले.

जमीन महसूल, करवाढ, नगरपालिकेचा कारभार, शिक्षण, न्यायदानातील विलंब हे या पत्राचे नेहमीचे विषय होते. पत्राची भाषा संयमित होती. तक्रार करायची ती कायद्याचे कलम, सरकारी ठराव आणि आकडे यांच्या आधारे करायची, ही वकिलाची सवय या लेखनात स्पष्ट दिसते. सामाजिक प्रश्नांवर मात्र हे पत्र सुधारकांच्या गोटात नव्हते. परंपरेचा मान राखून हळूहळू बदल व्हावा, या मताचा कल त्यात होता.

मुंबईचे सार्वजनिक जीवन आणि कायदेमंडळ

१८७२ च्या कायद्यानुसार मुंबई नगरपालिकेत करदात्यांनी निवडलेले सभासद प्रथमच बसू लागले. मंडलिक या नगरपालिकेचे सभासद होते व तिच्या अध्यक्षपदाचा मानही त्यांना लाभला. पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते आणि घरपट्टी या प्रश्नांवरील नगरपालिकेच्या चर्चा म्हणजे मुंबईकरांना मिळालेले स्वराज्याचे पहिले धडे होते. मंडलिक हे त्या वर्गातील एक ज्येष्ठ विद्यार्थी व शिक्षक दोन्ही होते.

१८७४ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली व पुढेही ती होत राहिली. १८६१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या मंडळाचे अधिकार अतिशय मर्यादित होते. बिनसरकारी सभासद निवडलेले नसत, गव्हर्नर त्यांना नेमत असे. सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. पुढे आलेल्या विधेयकावर बोलणे, दुरुस्ती सुचविणे आणि मत देणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि मतदानात सरकारी बाजूचे पारडे नेहमीच जड असे. अशा मंडळात एखाद्या सभासदाचे वजन त्याच्या युक्तिवादावर आणि अभ्यासावरच अवलंबून राही. मंडलिकांनी हे स्थान अभ्यासपूर्ण विरोधासाठी वापरले.

त्यांच्या कारकिर्दीत मंडळापुढे आलेल्या कायद्यांत १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा विशेष महत्त्वाचा होता. जमीनधारकांचे हक्क, महसुलाची आकारणी आणि वसुलीची साधने यांची चौकट या कायद्याने घालून दिली. स्वातंत्र्योत्तर काळात १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता येईपर्यंत तो अनेक फेरफारांसह चालू राहिला.

खोतीचा प्रश्न

मंडलिकांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत वादग्रस्त अध्याय खोतीच्या प्रश्नाशी निगडित आहे. कोकणातील बहुसंख्य गावांत सरकार व शेतकरी यांच्यामध्ये खोत हा दुवा असे. तो गावचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून आपला वाटा वसूल करी. हा हक्क वंशपरंपरागत चाले. खोतांचे म्हणणे असे की ते गावाचे मालक आहेत. महसूल खात्याचे अनेक अधिकारी त्यांना केवळ वसुलीचे मक्तेदार समजत. कुळांचे म्हणणे याहून निराळे होते. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही तिच्यावर आपला कायम हक्क नाही, आणि धान्याच्या वाट्याखेरीज वेठही करावी लागते, ही त्यांची व्यथा होती.

रत्नागिरी जिल्ह्यात पैमाष सुरू झाल्यावर या वादाला धार आली. कुळांची नावे सरकारी दफ्तरात आली की खोतांचे अधिकार संपतील, अशी भीती खोतवर्गात पसरली. खोतांनी न्यायालयांत दावे लावले आणि सरकारकडे अर्जांचा भडिमार केला. स्वतः रत्नागिरी जिल्ह्याचे असलेले मंडलिक खोतांचे प्रमुख पुरस्कर्ते म्हणून या वादात उतरले. जुन्या सनदा, निवाडे आणि रूढी यांच्या आधारे त्यांनी खोतांच्या हक्कांची बाजू मांडली. सरकारने केवळ हुकुमाच्या जोरावर प्राचीन हक्क नष्ट करू नयेत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

अखेर १८८० साली खोती कायदा संमत झाला. त्याने एकीकडे खोतांचे वंशपरंपरागत स्थान मान्य केले आणि दुसरीकडे दीर्घकाळ जमीन कसणाऱ्या कुळांचे काही हक्कही कायम केले. हा तोडगा होता, प्रश्नाचा निकाल नव्हता. विसाव्या शतकात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून अनेक वर्षे संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली.

सरकारी मनमानीविरुद्ध हक्कांचे रक्षण, हे तत्त्व मंडलिकांनी प्रामाणिकपणे मांडले. परंतु ज्या हक्कांचे रक्षण ते करीत होते, त्यांच्याखाली दबलेल्या कुळांचा आवाज त्या सभागृहात कोणीच मांडत नव्हता. मंडलिकांचे मूल्यमापन करताना ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

धर्मशास्त्राचे संपादन व भाषांतर

मंडलिकांचे सर्वांत टिकाऊ कार्य धर्मशास्त्राच्या क्षेत्रातील आहे. त्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या न्यायालयांची अडचण लक्षात घेतली पाहिजे. वारसा, दत्तक, विवाह आणि वाटणी या बाबतींत हिंदूंना त्यांचेच धर्मशास्त्र लागू करावे, असे इंग्रज सरकारचे धोरण होते. सुरुवातीला न्यायाधीशाला धर्मशास्त्र सांगण्यासाठी न्यायालयांत शास्त्री नेमलेले असत. १८६४ च्या कायद्याने ही शास्त्र्यांची पदे रद्द झाली. तेव्हापासून संस्कृत न जाणणारा न्यायाधीश पूर्णपणे इंग्रजी भाषांतरांवर अवलंबून राहिला. भाषांतरात एका शब्दाची चूक झाली, तर एखाद्या बहिणीचा वारसा किंवा दत्तकपुत्राची मालमत्ता जाऊ शकत होती.

महाराष्ट्रात मुख्यत्वे दोन ग्रंथ प्रमाण मानले जात. पहिला, याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका. तिचा कर्ता विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास होता. ही कल्याणी म्हणजे मराठवाड्याच्या सीमेलगतचे आजचे बसवकल्याण. दुसरा ग्रंथ 'व्यवहारमयूख'. त्याचा कर्ता नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात काशीस होऊन गेला. त्याचे भट्ट घराणे मूळचे गोदाकाठच्या पैठणचे. नीलकंठाने 'भगवंतभास्कर' या बारा मयूखांच्या बृहद्‌ग्रंथात आचार, श्राद्ध, दान, राजनीती आदी विषय हाताळले. त्यांपैकी व्यवहारमयूख हा न्यायदान व दायभाग यांविषयीचा भाग होय. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाचा अधिकार श्रेष्ठ, तर उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षरेचा, अशी विभागणी न्यायालयांनी केली. मयूखाने बहिणीला वारसांच्या क्रमात वरचे स्थान दिले आहे. त्यामुळे एखाद्या गावी कोणता ग्रंथ लागू आहे, हा प्रश्न तेथील स्त्रियांच्या दृष्टीने केवळ पांडित्याचा नव्हता.

मिताक्षरेच्या दायभागाचे कोलब्रूकने व मयूखाचे बोराडेलने पूर्वी इंग्रजी भाषांतर केले होते. वेस्ट आणि ब्यूलर यांचा हिंदू कायद्याचा संग्रहग्रंथही उपलब्ध होता. तथापि मूळ संहिता हस्तलिखितांवरून तपासून तिच्यासह नवे भाषांतर देण्याची गरज होती. वकिलीच्या धकाधकीत मंडलिकांनी हे काम अंगावर घेतले आणि १८८० साली ते पूर्ण केले. व्यवहारमयूखाबरोबरच संपूर्ण याज्ञवल्क्यस्मृतीची संहिता व तिचे भाषांतर त्यांनी दिले. प्रस्तावना व परिशिष्टे यांत त्यांनी हिंदू कायद्याच्या उगमाची आणि विकासाची चर्चा केली.

मंडलिकांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी ग्रंथवचनाबरोबर प्रत्यक्ष रूढीला महत्त्व दिले. दत्तक, विवाह आदी बाबतींत निरनिराळ्या जाती व प्रदेश यांत वस्तुतः काय चालते, याचा त्यांनी शोध घेतला. इंग्रज न्यायाधीश काही वेळा पोथीतील एखाद्या वचनाला अटळ नियम समजत, पण समाजाने ते वचन कधीच तसे पाळलेले नसे. १८६८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या एका प्रकरणात स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी लिखित वचनापेक्षा वरचढ मानली होती. मंडलिकांच्या संशोधनाने याच विचाराला पश्चिम भारतापुरता पुराव्याचा आधार मिळाला. त्यांच्या ग्रंथातील मते पुढे वकिलांच्या युक्तिवादांत आणि हिंदू कायद्यावरील पाठ्यग्रंथांत वारंवार उद्धृत होत राहिली.

१८८६ साली त्यांनी मनुस्मृतीची संहिता मेधातिथी, सर्वज्ञनारायण, कुल्लूक, राघवानंद, नंदन आणि रामचंद्र यांच्या टीकांसह प्रसिद्ध केली. गोविंदराजाची टीका परिशिष्टात दिली. तोपर्यंत मनूचा अर्थ बहुतांशी कुल्लूकाच्या एकट्या टीकेवरून लावला जाई. इतक्या टीका एकत्र छापल्या गेल्याने टीकाकारांमधील मतभेद अभ्यासकांना प्रथमच शेजारी शेजारी ठेवून पाहता आले.

सरकारी वकील

नानाभाई हरिदास हे उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत सरकारी वकील होते. १८८४ साली ते कायम न्यायाधीश झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे ते पहिले भारतीय न्यायाधीश होत. त्याच वर्षी सरकारी वकिलाच्या पदावर मंडलिकांची नेमणूक झाली. मूळ शाखेत सरकारची बाजू अॅडव्होकेट जनरल मांडत असे व ते पद बॅरिस्टरांकडे जाई. अपील शाखेतील सरकारी वकिलाचे पद हे देशी वकिलाला मिळू शकणाऱ्या सर्वोच्च पदांपैकी एक होते.

या पदाचे काम दुहेरी स्वरूपाचे होते. फौजदारी अपिलांत सरकारी वकील शिक्षेचे समर्थन करी, किंवा सरकारने निर्दोष सुटकेविरुद्ध केलेले अपील चालवी. दिवाणी बाजूला कलेक्टरवरील दावे, इनाम व वतनांचे तंटे, महसुलाची आकारणी, सरकारजमा केलेल्या जमिनी ही प्रकरणे त्याच्याकडे येत. शिवाय जिल्ह्यांतून अपील करावे की नाही याविषयी विचारणा होई आणि त्यावर मत द्यावे लागे. १८७६ च्या कायद्याने महसुलाच्या अनेक बाबी दिवाणी न्यायालयांच्या अधिकारकक्षेबाहेर काढल्या होत्या. त्यामुळे एखादा दावा न्यायालयात चालू शकतो की नाही, हाच अनेकदा पहिला वादविषय असे.

उच्च न्यायालयाची फोर्टमधील आजची वास्तू १८७८ च्या अखेरीस पूर्ण झाली व १८७९ च्या जानेवारीत तेथे कामकाज सुरू झाले. सरकारी वकील म्हणून मंडलिकांची कारकीर्द याच वास्तूत झाली. सर चार्ल्स सार्जंट त्या वेळी मुख्य न्यायाधीश होते.

ज्या सरकारच्या महसुली धोरणावर मंडलिकांनी वृत्तपत्रातून व कायदेमंडळातून टीका केली, त्याच सरकारची बाजू आता त्यांना न्यायासनापुढे मांडावी लागे. ही विसंगती वाटणे साहजिक आहे. परंतु मंडलिक ज्या परंपरेत वाढले तीत पक्षकाराची बाजू नियमांच्या चौकटीत प्रामाणिकपणे मांडणे हा वकिलाचा धर्म मानला जाई, आणि नागरिक म्हणून मत बाळगण्याचा हक्क त्याहून निराळा समजला जाई. सरकारनेही त्यांची नेमणूक करताना त्यांच्या टीकेपेक्षा त्यांच्या विद्वत्तेला अधिक वजन दिले.

मंडलिकांच्या काळात आजच्या मराठवाड्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार नव्हता. परभणी, हिंगोली, नांदेडचा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता व तेथील न्यायव्यवस्था स्वतंत्र होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा प्रदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत आला, आणि तेथील वकिलांना या न्यायालयाच्या जुन्या निवाड्यांशी परिचय करून घ्यावा लागला. त्याच वर्षी हिंदू वारसा कायदा आला आणि मयूख व मिताक्षरा यांच्यातील वारसाविषयक भेदाचे व्यावहारिक महत्त्व बरेचसे संपले.

कलकत्त्याचे कायदेमंडळ

१८८४ ते १८८७ या काळात मंडलिक गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाचे अतिरिक्त सभासद होते. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीची अखेर व लॉर्ड डफरीन यांच्या कारकिर्दीचा आरंभ यांचा हा काळ. मंडळाच्या हिवाळी बैठका कलकत्त्यास भरत. मुंबईतील चालता व्यवसाय सोडून तेथे जाऊन राहणे सभासदाला आर्थिकदृष्ट्या जड जाई.

याच मुदतीत १८८५ चा बंगाल कूळ कायदा आणि १८८६ चा प्राप्तिकर कायदा संमत झाले. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. कायदेमंडळांत निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा हक्क असावा, अशी मागणी तेथून सुरू झाली. मंडलिकांसारख्या नेमलेल्या सभासदांनी अपुऱ्या अधिकारांनिशी केलेल्या कामाचा अनुभव या मागणीच्या पाठीशी होता. तिचे पहिले अल्पसे फळ १८९२ च्या कायद्याने मिळाले. ते पाहण्यास मंडलिक हयात नव्हते.

सामाजिक प्रश्नांवरील भूमिका

सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मंडलिक सनातनी पक्षाच्या जवळ होते. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी आपली टिपणे प्रसिद्ध करून सरकारने हस्तक्षेप करावा अशी चळवळ सुरू केली. सरकारने देशातील मान्यवरांची मते मागविली. मंडलिकांनी कायद्याने सुधारणा लादण्यास विरोध केला. परकीय सरकारने हिंदूंच्या कौटुंबिक व्यवहारात ढवळाढवळ करू नये, आणि बदल व्हायचाच तर तो समाजाच्या आतून व्हावा, ही त्यांची भूमिका होती. रानडे, तेलंग आदी समकालीनांशी त्यांचा मतभेद येथे उघड होतो.

या भूमिकेत सुसंगती होती. खोतांच्या बाबतीत त्यांनी जे तत्त्व मांडले, तेच येथेही दिसते. राजसत्तेपेक्षा रूढी प्राचीन आहे व राजसत्तेने ती सहजासहजी मोडू नये. मात्र रूढीखाली चिरडल्या जाणाऱ्या बालविधवेला आतून होणाऱ्या बदलाची वाट पाहण्याइतके आयुष्य नसते, हा सुधारकांचा आक्षेप या युक्तिवादाने खोडला जात नव्हता.

या संदर्भात एक योगायोग लक्षणीय आहे. ज्या मुरूड गावी मंडलिकांचा जन्म झाला, त्याच गावी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. मंडलिकांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १८९३ साली, कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे त्याच कर्व्यांनी हिंगण्याचा आश्रम व महिला विद्यापीठ उभे केले. एकाच गावाने एका पिढीच्या अंतराने रूढीचा श्रेष्ठ भाष्यकार आणि रूढीचा धीरगंभीर विरोधक असे दोन्ही पुरुष दिले.

इतिहास व पुरातत्त्व

रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या कार्यात मंडलिकांनी भाग घेतला आणि तिच्या नियतकालिकात लेख लिहिले. दक्षिण कोकणात मुरूड हे नवे गाव कसे वसविले गेले याची हकिकत देणाऱ्या एका जुन्या कागदावर त्यांनी टिपण लिहिले. पश्चिम भारतातील नागपूजा आणि महाबळेश्वर येथील कृष्णा नदीचे देवस्थान हेही त्यांच्या लेखनाचे विषय होते. गावोगावचे कागद, पूजाविधी आणि स्थलपरंपरा यांच्याकडे इतिहासाची साधने म्हणून पाहण्याची ही दृष्टी मराठीत इतिहाससंशोधनाची चळवळ रुजण्याच्या आधीची आहे.

निधन आणि स्मृती

९ मे, १८८९ रोजी वयाच्या ५७व्या वर्षी मंडलिकांचे निधन झाले. त्याच वर्षी काशिनाथ त्र्यंबक तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि तेलंगांच्या मृत्यूनंतर १८९३ साली त्या जागी रानडे आले. अपील शाखेतील देशी वकिलांच्या ज्या पिढीने न्यायासनापर्यंतची वाट मोकळी केली, तीत मंडलिकांचे स्थान महत्त्वाचे आहे.

त्यांची इंग्रजी भाषणे व लेख १८९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गणेश रामकृष्ण हवालदार यांनी त्यांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. त्यांचा मौल्यवान ग्रंथसंग्रह व संस्कृत हस्तलिखिते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जतन झाली. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाने सुवर्णपदक ठेवण्यात आले. हे पदक मिळविणाऱ्यांत पांडुरंग वामन काणे यांचा समावेश होतो. काणे हेही रत्नागिरी जिल्ह्याचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे वकील. त्यांनी पुढे व्यवहारमयूखाचे नवे संपादन केले व 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा महाग्रंथ लिहिला. १९६३ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. मंडलिकांनी वकिलीबरोबर चालविलेल्या विद्याव्यासंगाची परंपरा काणे यांच्या रूपाने कळसाला पोचली.

मूल्यमापन

मंडलिकांची गणना नेमस्त पण स्वाभिमानी पुढाऱ्यांत केली जाते. त्यांनी सरकारची नोकरी केली, ती सोडली, सरकारवर टीका केली आणि पुढे सरकारचे वकीलपत्रही घेतले. या सर्व स्थित्यंतरांत कायद्यावरील त्यांची निष्ठा कायम राहिली. राज्यकर्त्यांनाही नियमांचे बंधन असते, हा विचार त्यांनी न्यायालयात, वृत्तपत्रात आणि कायदेमंडळात सातत्याने मांडला. त्यांच्या दृष्टीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. कोकणातील कूळ आणि घरातील बालविधवा यांच्या बाजूने त्यांची लेखणी चालली नाही. त्यांच्या सामाजिक मतांना पुढील काळाने मागे टाकले असले, तरी त्यांनी संपादिलेल्या संहिता भारतीय न्यायशास्त्राच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना आजही उपयोगी पडतात.